सीमेवरची अट

भोक पाच मीटर खोल. त्यात एक तार,
तारेला दहा संवेदक, गळांसारखे लटकलेले.
स्पिरिदोनच्या परसात मी ते पाडत होते तेव्हा
त्याने विचारलं, विहीर खणतेस का?
म्हटलं, उलट, काका. पाणी होऊ नये म्हणून.

चुराप्चाच्या या बाजूला जमीन म्हणजे
अर्धी माती आणि अर्धा बर्फ, कुणाच्याही आठवणीहून जुना.
त्यातच खोदलेलं त्याचं बुलूस, थंडीचं तळघर.
शरदात तळ्यातून कापून आणलेल्या बर्फाच्या लाद्या
भिंतीला टेकवून उभ्या: वर्षभराचा चहा.
शेजारी घोड्याचं मांस,
आणि मासे, तडफडताना जसे वाकले तसेच गोठलेले.
पूर्वी छताला बोटभर हिमाची फुलं यायची.
गेल्या ऑगस्टात थेंब.

माझं समीकरण त्या थेंबाबद्दल आहे.

बर्फ आणि पाणी यांच्यामध्ये एक रेघ असते.
रेघेच्या वर एक गणित, खाली एक गणित,
दोन्ही सोपी. अवघड ती रेघ.
ती कुठे आहे हे उत्तर सापडल्याशिवाय कळत नाही
आणि ती कुठे आहे हे कळल्याशिवाय
उत्तर सापडत नाही.
शिवाय ती चालते:
आधी झपझप, मग पाय ओढत,
चौपट दिवसांत दुप्पट वाट.

तिच्यावर ऊब येऊन पडत राहते
आणि तापमापक शून्यावर ढिम्म.
जेवढ्या उष्णतेत तेच पाणी पुढे
ऐंशी अंशांवर गेलं असतं
तेवढी सगळी गिळून बर्फाचं
नुसतं पाणी होतं, शून्य अंशाचं.
पुस्तकात याला अप्रकट उष्मा म्हणतात.
म्हणून तापमानाला विचारणं मी सोडलं.
जमिनीचे हजार थर केले, प्रत्येकाच्या खात्यावर
किती आली, किती गेली, एवढंच मांडलं.
तीनशे बाराव्या थरात निघालं ०.३७.
बर्फ नाही, पाणी नाही. गिलावा.
संगणक रात्रभर घोंघावला आणि पहाटे म्हणाला:
अकरा वर्षं.

मार्चमध्ये सांगायला गेले. बाहेर उणे एकतीस.
आकडा ऐकून त्याने मान हलवली.
"उइगुलाना, तुझ्या यंत्रात
माझ्या बुलूसवर हिम किती पडतं?"
"चाळीस सेंटिमीटर. हवामान केंद्राचा आकडा."
"माझ्याकडे नाही पडत."

खिडकीतून बोट दाखवलं.
सगळं परस पांढरं, आणि बुलूसच्या डोक्यावर
मातीचा काळा चौकोन, लख्ख झाडलेला.
हिम म्हणजे गोधडी, तिच्याखाली जमिनीला थंडी बाजत नाही.
तो रोज सकाळी ती ओढून काढतो,
रात्री तळघराचं दार सताड टाकतो,
चाळीस हिवाळे,
फेव्रोनिया गेली तेव्हाचे दोन दिवस सोडून.

सीमेवरची अट मी चुकवली होती.
चार ओळी बदलल्या. हिमाची जाडी शून्य.
अकराची सव्वीस झाली.

मग त्या चार ओळींकडेच बघत बसले.
घनता, ओलावा, मातीची वाहकता,
सगळ्यांची कोष्टकं मिळतात.
अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या खांद्याचं मिळत नाही.
तिथे मी एक चल ठेवलाय, नाव त्याचंच.
किंमत सध्या एक.
काल ०.८ लिहिलं. खोडलं.

परवा परत गेले होते.
फावडं आता तो डाव्या हाताने धरतो.
विचारलं नाही. दाराशी दुसरं एक फावडं होतं,
नवं कोरं, दांड्याला अजून दुकानाची चिठ्ठी.
त्याबद्दल तोही काही बोलला नाही.

आत चूल केव्हाची पेटलेली.
किटलीत एक तुकडा अजून तरंगत होता.
"थांब जरा," तो म्हणाला,
"पाणी अजून गारच आहे."